अकुशल, क्रमांक सतरा

माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात माझी आते आहे. नाव नाही, नावं द्यायची नसतात. कामगार क्रमांक सतरा, स्त्री, वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथी, काम मदतनीस, वर्ग अकुशल. ही ओळ मी लिहिली आणि ती खोटी आहे. लिहितानाच मला पक्कं ठाऊक होतं की खोटी आहे. नंतर कळलं वगैरे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आते म्हणजे वडिलांची मोठी बहीण. लालबागच्या चाळीत आमच्याच मजल्यावर दोन खोल्या सोडून राहते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात मिळवतं कुणी उरलं नाही, म्हणून ती लोअर परळच्या एका गाळ्यात कामाला लागली, आणि तिच्या लग्नाचं राहूनच गेलं. त्या गाळ्यात लहान मुलींचे फ्रॉक शिवतात आणि ते सगळे बाहेरदेशी जातात. पस्तीस वर्षं ती तिथे होती. माझ्या वेण्या घालायची ती, मला शाळेत सोडायची ती, आणि दहावीला इंग्रजीच्या पेपराआधी बाहेर बाकड्यावर बसून माझ्याइतकीच घामाघूम झाली होती तीही हीच. तिला एबीसीडी येत नव्हती.

मी अर्थशास्त्रात पीएचडी करायला घेतली, विषय आंतरराष्ट्रीय व्यापार. त्यात एक जुना सिद्धांत आहे आणि तो ऐकायला फार सरळ आहे. ज्या देशाकडे जे भरपूर असतं, ते वापरून होणारा माल तो देश विकतो, आणि जे कमी असतं ते लागणारा माल बाहेरून आणतो. आपल्याकडे साधी मेहनत करणारे हात भरपूर, यंत्रं आणि शिकलेले हात कमी. म्हणजे आपण साध्या मेहनतीचा माल विकणार. आतेला हे एकदा मी मोठ्या उत्साहाने समजावलं. ती कुळथाची पिठी ढवळत होती. म्हणाली, आमच्या गावात नारळ जास्त म्हणून नारळ विकतात, ह्यात कॉलेजात जाऊन शिकायचं काय? मी जाम चिडले. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. वास्तविक तिने सिद्धांत माझ्यापेक्षा सोपा करून सांगितला होता.

पण गोष्ट तेवढी सोपी नाही, म्हणून तर लोक त्याची परीक्षा घेत बसतात. फार पूर्वी एका श्रीमंत देशाचा हिशोब कुणीतरी मांडून पाहिला. त्या देशाकडे यंत्रं भरपूर, तर विकलेल्या मालात यंत्रांचा वाटा जास्त निघायला हवा. निघाला उलटाच. तेव्हापासून अभ्यासकांचं भांडण चालू आहे. त्यातले एक म्हणतात, तुम्ही नुसती डोकी मोजलीत, हातातलं कसब मोजलंच नाही. दोन कामगार म्हणजे दोन सारखे कामगार नव्हेत. मला हे फार पटलं होतं. मी ठरवलं, आपण छोटी का होईना, पण कसब नीट मोजणारी परीक्षा घ्यायची, आणि तीही आपल्याच भागात.

तर एका बाजूला लोअर परळचे शिवणाचे गाळे, ज्यांचा माल बाहेर जातो. दुसऱ्या बाजूला चिंचपोकळीची छोटी वर्कशॉपं, जिथे मशीनचे बारीक सुटे भाग बनतात. ते इथे बनले नाहीत तर बाहेरून आणावे लागतात. दोन्हीकडे एकेका कामगाराला भेटायचं, फॉर्म भरायचा, कुशल की अकुशल ते ठरवायचं. सिद्धांत खरा असेल तर बाहेर जाणाऱ्या मालात अकुशल हात जास्त दिसायला हवेत. माझ्या फॉर्मात एक नियम मीच घातला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. शिक्षण कमी असलं तरी जे काम शिकायला वर्षभराहून जास्त लागतं, ते करणाऱ्याला कुशल धरायचं, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याचं कारण लिहायचं.

आतेच्या गाळ्यात मला आतेनेच नेलं. एरवी तिथल्या शेठने कॉलेजच्या कुणाला दारात उभं केलं नसतं. पस्तीस वर्षांत तिने शेठकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, ते माझ्यासाठी मागितलं. शेठ म्हणाला, करा तुमचं काम, पण आमच्या गाळ्याचा जो तक्ता होईल तो आम्हालाही द्या. मी हो म्हटलं. अशी देवाणघेवाण सगळेच करतात.

फॉर्म भरायला बसले तर प्रत्येक बाईचं उत्तर एकच. काय काम करता? काही नाही. काही नाही म्हणजे? कटिंग मास्टरला मदत करते. आतेने तर माझ्याकडे न बघताच सांगितलं, "काय नाय गो, आपली मदत." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक करून बसलेल्या बाईला विचारा काय केलंत आज, तर म्हणेल काही नाही. त्यात शेठ आणि सुपरवायझर कान टवकारून उभे. त्यांच्यासमोर मला हे येतं, मला ते येतं म्हणणं म्हणजे आगाऊपणा. हे बाहेरच्या कुणाला कळलं नसतं, मला न कळायला काय झालं? मी त्याच चाळीतली.

आणि मी डोळ्यांनी बघत होते. त्या दिवशी चौकड्यांचं कापड आलं होतं. फ्रॉकचे पुठ्ठ्याचे पॅटर्न कापडावर मांडायचे असतात, पुढचा भाग, पाठ, बाही, खिसा, अशा रीतीने की चिंध्या कमीत कमी पडाव्यात. साध्या कापडावर ते एक वेळ जमतं. चौकड्यांना शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा जुळाव्या लागतात, खिशाच्यासुद्धा, नाहीतर तिकडचं गिऱ्हाईक अख्खा माल परत करतं. कटिंग मास्टर टेबलाशी आला, दोनदा मांडून बघितलं, आणि बाजूला झाला. आते पुढे झाली. तळव्याने कापड सारखं केलं, पुठ्ठे उचलले, दोन उलटे फिरवले, एक तिरका केला, बाहीच्या पोटात खिसा बसवला. पाच-सात मिनिटांत टेबल भरलं आणि कडेला बोटभर पट्टी उरली. मास्टरने खडूने रेघा मारल्या आणि कात्री लावली. तो कागदोपत्री मास्टर, ती कागदोपत्री हेल्पर. मास्टरने मला स्वतः सांगितलं की हे शिकायला त्याला चार वर्षं लागली आणि अजून चौकड्या आल्या की तो हिलाच बोलावतो. मी शेऱ्यात हे सगळं लिहिलं. सतरा नंबरपुढे कुशल लिहिलं. तिच्यासारख्या आणखी आठ जणी निघाल्या, कुणी काज हाताने करणारी, कुणी नुसत्या बोटांनी शिवणीतला दोष पकडणारी. त्याही कुशल.

सगळं मांडून बघितलं तर हिशोब उलटा आला. आमच्या बाहेर जाणाऱ्या फ्रॉकांत कसब जास्त, आणि चिंचपोकळीच्या सुट्या भागांत कमी. मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं.

मग विभागात सेमिनार झाला. मी तक्ते दाखवले. बाहेरून आलेले एक नावाजलेले प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. त्यांनी परिशिष्ट चाळलं आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. "चौथी पास, हेल्पर, आणि कुशल? मग आमच्या घरी भांडी घासायला येते तीही कुशलच म्हणायची!" खोली हसली. आणि काय सांगू, मीही हसले. ओठ आपोआप ताणले गेले असं म्हणायचा मोह होतो, पण तसं काही नव्हतं. मी त्यांच्यातली दिसावी म्हणून हसले.

गाइड भला माणूस. त्यांनी मला खोटं लिही असं कधीच सांगितलं नाही, हे स्पष्ट करते. ते नंतर म्हणाले, तुझा मुद्दा चांगला आहे पण पाया कच्चा आहे. पुन्हा जा, प्रत्येकीला काम शिकायला किती काळ लागला ते नीट तपासून लिही, दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घे. नाहीतर मग शिक्षण आणि सर्टिफिकेट एवढ्यावरच वर्ग ठरव आणि तसं मोकळेपणाने लिही. पुन्हा जायचं म्हणजे महिना-दोन महिने. कॉलेजात कायमची जागा निघाली होती, त्या मुलाखतीआधी पदवी हातात हवी होती. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. मला त्या प्राध्यापकांचं तोंड पुन्हा आठवायचं नव्हतं. माझी लाज मला आतेपेक्षा मोठी वाटली, झालं.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन आतेच्या खोलीत बसले होते, कारण आमच्याकडे पाहुणे होते. ती बांगडे तळत होती. मी नऊ ओळींमधलं कुशल काढून अकुशल केलं. शेऱ्याचा रकाना पुसला. माझा तो अभिमानाचा नियमही पुसला, जसा काही तो कधी नव्हताच, आणि वर्ग आता कशावरून ठरवला ते कुठेच लिहिलं नाही. हिशोब पुन्हा लावला. आकडे मुकाट्याने सिद्धांताप्रमाणे उभे राहिले. आतेने ताट पुढे ठेवलं, विचारलं, झालं काय गो तुझं? मी म्हटलं झालं. दोन बांगडे खाल्ले.

शेठला तक्ता द्यायचा होता तो दिला. नावं नव्हती, नंबर होते. पण नंबर मी गाळ्याच्या मस्टरवरूनच, म्हणजे हजेरीच्या वहीतूनच घेतले होते, त्यामुळे कोण कुठलं ते तिथे कुणालाही कळणार होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मी त्यावर विचार केला नाही.

पुढे काय झालं ते साधं आहे. ती जुनी इमारत पाडून टॉवर होणार होता, शेठने गाळा भिवंडीला हलवायचं ठरवलं. सगळ्यांना नेणं शक्य नव्हतं. कुशल कामगारांसाठी लालबाग-परळहून गाडी ठेवणार, बाकीचे तिकडचेच घेणार. कुणाला न्यायचं हा वाद नको म्हणून मॅनेजरने तयार तक्ताच समोर ठेवला. कॉलेजातून आलेला, तपासलेला. मास्टर आतेसाठी बोलला म्हणतात. मॅनेजरने तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे तर त्यांच्या भाचीनेच लिहिलंय, मी कोण बदलणार? मात्र एक सवलत त्याने दिली. लिहिण्यात चूक झाली असेल तर भाचीकडून तशी चिठ्ठी आणा, मी नाव घालतो.

आते माझ्याकडे आली ती ही चिठ्ठी मागायला. नाही, मागायलासुद्धा नाही, विचारायला. दारात उभी राहिली, आत येईना. माझी शेवटची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर होती. तेच प्राध्यापक परीक्षक म्हणून येणार होते. माझ्या सहीची चिठ्ठी बाहेर गेली आणि ती कुणाच्या हातात पडली तर प्रबंध खोटा ठरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"चुकान लिवलंस काय गो?" आतेने विचारलं.

"नाही आते," मी म्हटलं. "नियमाप्रमाणेच आहे ते."

तिने मान हलवली. म्हणाली, मग बरोबर असेल, तू शिकलेली, तू बघूनच लिहिलं असशील. आणि मलाच धीर द्यायला लागली की तू टेन्शन घेऊ नकोस, परीक्षेचं बघ, भिवंडी किती लांब, माझ्याने रोजचं झालं नसतंच.  वडील आत टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला, आणि ती गेल्यावर पुन्हा वाढवला.

परीक्षा झाली. पास झाले. त्या प्राध्यापकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता कसा हिशोब सरळ झाला. आतेने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. कुणी विचारलं कशात पीएचडी, तर सांगायची, देशादेशांच्या व्यापारात. हे वाक्य तिने पाठ केलं होतं. मला कायमची जागाही मिळाली. आता मी दरवर्षी वर्गात हाच सिद्धांत शिकवते आणि त्याची परीक्षा घेताना कसब कसं मोजायचं यावर मुलांना चांगली टिपणं देते. माझी टिपणं प्रसिद्ध आहेत. कप्पाळ माझं.

गाळा हलल्यावर काही आठवड्यांनी मी आतेकडे बसले होते, संध्याकाळचा चहा चालला होता. भिवंडीहून मास्टरचा फोन आला. चौकड्यांचं कापड आलं होतं आणि तिकडे कुणाला मांडता येत नव्हतं. त्याने फोनवर टेबलाचा फोटो पाठवला होता, तिने नुसतं बघून सांगावं एवढीच विनंती. आतेने फोटो बघितला. मला वाटलं, आता ही जमिनीवर पेपर पसरेल आणि पेपराच्या तुकड्यांनी मांडून दाखवेल, असं ती पूर्वी कितीदा करायची. तिने फोन कानाला लावला आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरे को नहीं आता मास्टर. वो कॉलेजवाले ने तपासा है ना." आणि फोन ठेवला.

ती ते लटकं बोलत नव्हती. पूर्वी 'काय नाय गो' म्हणायची तेव्हा तिला ठाऊक असायचं की आपल्याला येतं. आता तिला खरंच वाटत होतं की येत नाही. इतकी वर्षं मास्टर नुसता बाईमाणसाचं मन राखायला विचारत असणार, असं तिने मला समजावून सांगितलं.  नोकरी गेली ते वेगळं, ती मी घालवली होतीच. हे मी आणखी काहीतरी घालवलं होतं, आणि ते भिवंडीच्या गाडीत नाव घालून परत येणार नव्हतं.

मग मी सांगितलं. आधी कुशल लिहिलं होतं, मास्टर काय म्हणाला होता, ते प्राध्यापक काय म्हणाले, सगळे कसे हसले, मीही हसले, रविवारी इथेच बसून मी काय पुसलं, सगळं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, तेवढ्यासाठीच सांगत होते की काय देव जाणे. तिने कपबश्या बाजूला सारल्या, पदराचा काठ बोटांनी सरळ केला.

"मग त्यांका सांगायचंस ना गो," ती म्हणाली, "माझी आते हा म्हणून. मी आले असते. चौकड्याचं कापड घेऊन आले असते, थंयच टेबलावर मांडून दाखवलं असतं."

ती खरंच आली असती. ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत पुठ्ठे घेऊन, त्या सगळ्यांसमोर उभी राहिली असती, आणि पाच मिनिटांत टेबल भरून दाखवलं असतं. माझी चूक तिच्या लेखी एवढीच होती की मी तिला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गाइडना खरं काय ते लिहून पाठवलं. भेटून बोलू, असं त्यांचं उत्तर आलं, त्याला आता वर्षं झाली, आणि आम्ही अजून भेटलेलो नाही. मॅनेजरलाही चिठ्ठी दिली. त्याने ती घेतली, घडी घातली आणि सांगितलं की गाडी भरली.

आणि आतेला सगळं सांगितलं असं मी वर म्हटलं, ते खरं नाही. सेमिनारचं तुम्हाला सांगतानाही मी एक प्रश्न गाळला. हसणं थांबल्यावर त्या प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, आणि अगदी सहज विचारलं होतं, की या बाईंबद्दल एवढं बारकाईने लिहिलंय, तुमच्या नात्यातल्या आहेत का? मी म्हटलं, "नाही सर. तिथेच ओळख झाली." हे आतेला अजून माहीत नाही.